टाळू पाहिल्याशिवाय निदान नको

केस विरळ होत असल्याची मध्यमवयीन स्त्रीची तक्रार दवाखान्यात जितक्या वेळा ऐकली जाते, त्या मानाने फार थोड्या वेळा तपासली जाते. रक्तदाबाच्या किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या लिहून झाल्यावर, उठता उठता काढलेला हा विषय असल्याने ‘वयोमानाने व्हायचेच’ किंवा ‘ताण घेऊ नका’ एवढ्यावर तिची बोळवण होते आणि फार तर बायोटिनच्या गोळ्यांची एक पट्टी लिहून दिली जाते. असे उत्तर देणाऱ्या डॉक्टरच्या मनात अनास्था असतेच असे नाही. परंतु टाळूला हात न लावता दिलेल्या उत्तराला वैद्यकीय मत म्हणता येणार नाही.

तक्रारीवर विश्वास न बसण्याचे एक कारण शरीरातच आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यांची घनता जवळपास निम्म्यावर येईपर्यंत विरळपणा त्रयस्थाच्या नजरेत भरत नाही, असे मानले जाते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात, म्हणजे उपचारांचा उपयोग सर्वाधिक होण्याच्या काळात, त्या स्त्रीचे स्वतःचे निरीक्षण हाच मुख्य पुरावा असतो. पूर्वी दोन वेढ्यांत घट्ट बसणाऱ्या रबराला आता चार वेढे द्यावे लागतात, वेणीचा शेपटा करंगळीएवढा उरला आहे, भांग पाडल्यावर टाळूची पांढरी पट्टी दिसते, असे ती सांगते तेव्हा ती वर्षानुवर्षे रोज हाताळलेल्या गोष्टीचे मोजमाप सांगत असते, आणि ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवण्याजोगे असते.

निदानाची पहिली दिशा इतिहासातून ठरते. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो आणि सुमारे ३ महिने विश्रांतीच्या अवस्थेत राहून गळतो. या क्रमाने रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. तीव्र ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने घटवलेले वजन अशा आघातानंतर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीने गळू लागतात. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये वर्णिलेला हा विकार टेलोजेन इफ्लुव्हियम या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेलेली रुग्ण दिवाळीच्या सुमारास केसगळतीची तक्रार घेऊन येते, तेव्हा तो ताप ती विसरलेली असते, म्हणून विचारावे लागते ते मागच्या आठवड्याविषयी नव्हे, तर मागच्या तिमाहीविषयी. स्त्रियांमधील नमुनेदार केसगळतीत मात्र असा प्रारंभबिंदू सापडत नाही. तेथे केसांची मुळे प्रत्येक चक्रागणिक लहान होत जातात, केस बारीक आणि आखूड उगवतात, भांग माथ्यावर रुंदावतो, पण कपाळावरची केसांची रेषा बहुधा टिकून राहते. एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये सांगितलेल्या तिच्या तीन पायऱ्या आजही वापरात आहेत. दोन्ही विकार एकाच डोक्यावर असू शकतात, किंबहुना पहिल्यामुळे दुसरा प्रथम लक्षात येतो, हे विसरता कामा नये.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. केस सोडायला सांगून माथ्यावरचा भांग आणि मानेकडचा भांग यांची तुलना करावी. ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढावी आणि सहाहून अधिक केस हाती आले तर सक्रिय गळती समजावी. त्यानंतर भुवया पाहाव्यात. भुवया विरळ झाल्या असतील, कपाळावरची रेषा मागे सरकली असेल आणि त्या पट्ट्यातील त्वचा गुळगुळीत, छिद्रहीन दिसत असेल, तर तो स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये वर्णिलेला, व्रणासारखी ऊती निर्माण करून केसांची मुळे कायमची नष्ट करणारा विकार असू शकतो. यात गेलेले केस परत येत नाहीत, केवळ पुढची हानी थोपवता येते. म्हणूनच ‘वय झाले’ या शेऱ्याची सर्वांत मोठी किंमत या रुग्णांना मोजावी लागते.

रक्ततपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच यांना प्राधान्य द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन खालावलेले असू शकते. चाळिशीतील अतिरिक्त रक्तस्राव हे त्यामागचे कारण असेल तर तेथवर पोहोचणे केसांहूनही महत्त्वाचे ठरते. अंगावरची लव वेगाने वाढणे किंवा आवाज घोगरा होणे अशी चिन्हे असतील तर पुरुषी संप्रेरकांची तपासणी विनाविलंब करावी. बायोटिन चालू असल्यास काही प्रयोगशाळांत टीएसएच खोटेच कमी येते, ट्रोपोनिनही खोटेच कमी येऊ शकते आणि हृदयविकाराचे निदान हुकू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी २०१७ मध्ये इशारा दिला होता. सवयीने लिहिलेली ती पट्टी त्यामुळे वाटते तितकी निरुपद्रवी नाही, आणि थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ती बंद ठेवण्यास सांगावे.

उपचारांविषयी येथे एवढेच सांगणे पुरेसे आहे की मिनॉक्सिडिल हे नमुनेदार केसगळतीवरील मुख्य औषध असून ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि परिणाम दिसायला ४ ते ६ महिने लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे घाबरून औषध सोडणाऱ्या रुग्णांचे अपयश औषधाच्या माथी मारणे योग्य नाही. आरंभीच भांगाचे एक छायाचित्र रुग्णाच्याच मोबाइलवर घेतले तर सहा महिन्यांनी तुलनेला आधार मिळतो.

वाचक डॉक्टरांना विनंती आहे की या तक्रारीला सौंदर्यप्रसाधनाचा प्रश्न समजून बाजूला सारू नये, वेळ नसेल तर त्यासाठी स्वतंत्र दिवस द्यावा, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीवर नुसते ‘केसगळती’ न लिहिता कालावधी, मागील सहा महिन्यांतील आजार, चालू औषधे, फेरिटिन आणि भुवयांची स्थिती यांची नोंद करावी.