दुपारी डोंगर चढण्यापूर्वी

मागच्या जुलैच्या सुट्टीत आम्ही कॅनडात धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. व्हँकुव्हरजवळच्या सरे गावी तिचे बिऱ्हाड आहे. रविवारी तिने भरपेट जेवू घातले आणि मेहुणे म्हणाले, "चला, तुम्हांला समुद्रकाठचा डोंगर दाखवतो." निघेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. बरोबर दोन मुले, सोळा वर्षांचा भाचा आणि अकरा वर्षांची भाची. भाचीला पक्का येणारा मराठी शब्द एकच, 'मामा'.

हा डोंगर स्क्वॉमिश गावाच्या डोक्यावर, हाउ साउंड नावाच्या खाडीच्या आतल्या टोकाशी उभा आहे. नकाशात त्याचे नाव स्टावामस चीफ. तेथील मूळच्या स्क्वॉमिश लोकांच्या भाषेत तो 'सियाम स्मानित', म्हणजे मानाचा डोंगर. त्याची तीन शिखरे आहेत. पहिले ६१० मीटर आणि तिसरे, सर्वांत उंच, ७०२ मीटर. म्हणजे आपल्या कोर द गार्डपेक्षा हा थोडा बुटकाच, असे आम्ही गाडीत ऐटीत सांगितले. पण कोर द गार्ड पठारावरून चढायचा असतो, तर हा जवळजवळ समुद्रसपाटीपासून सरळ वर उठतो. त्याची जातही निराळी. आपले डोंगर आणि आपल्या पूर्वजांचा सह्याद्री हे दोन्ही लाव्ह्याच्या काळ्या कातळाचे. चीफ मात्र जमिनीच्या पोटात खोल थिजलेल्या, सुमारे दहा कोटी वर्षे वयाच्या ग्रॅनाइटचा. पुढे हिमनद्यांनी त्याला तासले. त्याची भिंत इतकी उभी आणि गुळगुळीत आहे, की दोरावर चढणाऱ्यांनी तिची मधली बाजू १९६१ मध्ये प्रथम सर केली.

आम्ही अर्थात मागच्या बाजूच्या पायवाटेने गेलो. पायवाट म्हणायची खरी, पण सुरुवातीलाच ओढ्याच्या कडेने लाकडी पायऱ्या लागतात आणि त्या संपतच नाहीत. पायऱ्या संपल्यावर दगड, दगडांनंतर झाडांची मुळे. चढायला लागलो तेव्हा साडेतीन वाजले होते. आमच्या पायांत समुद्रकाठी फिरून तळ झिजलेले बूट आणि पाच जणांत पाण्याच्या दोन बाटल्या! वाटेच्या तोंडाशी सूचनांचा फलक होता. 'वाचा, मग लिहा' असे वर्गात रोज सांगणारे आम्ही, तो न वाचताच पुढे गेलो.

पहिल्या शिखराच्या जरा खाली उघडा कातळ लागतो आणि त्यावर लोखंडी साखळ्या ठोकलेल्या आहेत. त्या धरून वर जायचे. भाचा सरसर गेला. भाची साखळीला हात लावून थांबली आणि म्हणाली, "मामा, मी येत नाही." मागे माणसे खोळंबली होती. आम्हांला लाज वाटली, तिच्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. शिक्षकाच्या भाचीने माघार घ्यावी? आम्ही वर्गातल्या आवाजात म्हणालो, "ये, काही होत नाही." ती हलली नाही. शेवटी मेहुणे तिच्याजवळ थांबले आणि आम्ही वर गेलो.

वरचे दृश्य सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. खाली निळी खाडी आणि पलीकडे भर जुलैत बर्फाचे डोंगर. पण कड्याला कठडा नाही. भाचा फोटोसाठी कडेकडे सरकला तेव्हा आमच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती क्रेओलमध्ये निघाली. ते दृश्य आम्ही त्यानंतर फारसे पाहिले नाही.

उतरताना गुडघ्यांनी दगा दिला. चढायला लागला त्याहून अधिक वेळ उतरायला लागला. भाची पुढे झाली आणि 'मामा' म्हणत पाय कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवू लागली. खाली पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. उजेड होता म्हणून वाचलो. जुलैत तेथे नऊपर्यंत दिसते. आपल्या बेटावर बारा महिने पावणेसहा ते सातच्या दरम्यान सूर्य मावळतो, त्यामुळे ऋतूप्रमाणे घड्याळ पाहण्याची आपल्याला सवयच नाही. त्याच डोंगरावर ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य जातो. आम्ही साडेतीनला निघालो असतो, तर रान काळोखात उतरावे लागले असते आणि पाच जणांत एकही बॅटरी नव्हती.

ब्रिटिश कोलंबियात डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी माणसे स्वयंसेवक असतात. नोकरीधंदा सांभाळून, रात्री-अपरात्री ती दोर घेऊन निघतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. पैशाच्या भीतीने माणूस मदत मागायला उशीर करील आणि उशिराने जीव जाईल, हा त्यामागचा विचार. आम्हांला तो पटला. पण आपल्या आळसासाठी कोणा परक्याने रात्री घर सोडावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

त्या दिवशी पाच जणांत योग्य वागली ती एकटी भाची, आणि आम्ही तिलाच दटावत होतो. शिक्षक-प्रशिक्षणात आम्ही पाठाचे टाचण करायला शिकलो: प्रस्तावना, विषयविवेचन, उजळणी. डोंगराच्या टाचणात पहिली ओळ परतीची हवी. किती वाजता मागे फिरायचे, शिखर आले नसले तरी, हे खालीच ठरवायचे. ते मुलांनाच ठरवू द्यावे असे आमचे मत आहे, म्हणजे 'मी येत नाही' म्हणणाऱ्याला साखळीपाशी लाजावे लागणार नाही.

आता कोणी म्हणेल, मग मुलांना डोंगरावर नेऊच नये. आपल्या शाळांची सहल म्हणजे बस, समुद्र, बिर्याणी आणि परत, हे त्या भीतीमुळेच. पालक घाबरतात, जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते, हे आम्ही जाणतो. पण जे मूल अकराव्या वर्षी शिक्षकाबरोबर डोंगर चढले नाही, ते अठराव्या वर्षी मित्रांबरोबर चढतेच, आणि तेव्हा टाचण कोणाकडेच नसते. शिवाय ल मोर्न ५५६ मीटर उंच उभा आहे, पळालेल्या गुलामांना त्याने आसरा दिला, २००८ मध्ये तो जागतिक वारसा झाला, हे सारे आमची मुले पाठ म्हणून दाखवतात. तो कातळ हाताला कसा लागतो हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे?

पुढच्या सत्रात सहावीच्या मुलांना ल पूसवर नेण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. अंगठ्यासारखा हा ८१२ मीटरचा डोंगर १८३६ मध्ये डार्विनही चढून गेला होता. सकाळी सातला निघायचे, दहा वाजता असू तेथून मागे फिरायचे, आणि मध्येच थांबणाऱ्याजवळ एक शिक्षक थांबेल. अर्ज अजून मंजूर झालेला नाही. पालकांच्या सभेत एका भगिनींनी तेवढे विचारले, बिर्याणी कुठे खायची? खाली उतरल्यावर, असे आम्ही सांगितले.