अडलेल्या पित्ताची वाट

साठी ओलांडलेल्या माणसाचे डोळे पिवळे दिसू लागले की आपल्या खेड्यांतून प्रथम आठवण होते ती कावीळ उतरविणाऱ्याची. कोणी मंतरलेली माळ गळ्यात घालतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवावयास लावून पाणी पिवळे झाल्याचे दाखवितो. माळ दिवसागणिक लांबत जाते, आणि कावीळ उतरली असे सांगण्यात येते. मंतरलेली माळ आपल्या श्रद्धेला धरून नाही हे धर्मगुरूंनी वेळोवेळी सांगितलेच आहे. येथे बोलावयाचे आहे ते केवळ वाया जाणाऱ्या वेळेविषयी. दूषित पाण्यातून मुलांना व तरुणांना होणारी जी कावीळ असते, ती यकृताला आलेली सूज होय, आणि ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घातली तरी ओसरते, न घातली तरी ओसरते. माळ लांबते ती ओल्या काड्या वाळून आकसतात व गाठी सैल होतात म्हणून. तथापि श्रेय माळेला मिळते, आणि पुढे हेच श्रेय एखाद्या वृद्धाच्या जिवावर बेतते. कारण म्हातारपणी येणारी प्रत्येक कावीळ ह्या जातीची नसते.

आपल्या यकृतात दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. शेतात पाटाने पाणी यावे तसे ते एका बारीक नलिकेतून स्वादुपिंडाच्या डोक्याजवळून लहान आतड्यात उतरते आणि अन्नातील तेलातुपाचे पचन करण्यास साह्य करते. ह्या नलिकेची रुंदी सहासात मिलिमीटरच्या आतच असते. तेव्हा तिच्यात किंवा तिच्या शेजारी लहानशी गाठ वाढली तरी वाट बंद होते, व मागे तुंबलेले पित्त रक्तात शिरते. मग डोळे व कातडी पिवळी होतात, लघवी काळ्या चहासारखी गडद होते, आणि ज्या मळाला पित्तामुळेच तपकिरी रंग येतो तो शाडूच्या मातीसारखा पांढरट दिसू लागतो. सर्वांगाला अशी खाज सुटते की माणूस रात्ररात्र झोपत नाही, अंग रक्तबंबाळ होईपर्यंत खाजवीत बसतो. अन्नावरची वासना उडते, वजन उतरते. पुष्कळदा पोटात दुखत मुळीच नाही, आणि दुखत नाही म्हणूनच घरची माणसे निर्धास्त राहतात.

असा अडथळा पित्ताच्या खड्यांमुळेही येतो, म्हणून पांढरा मळ दिसताच धीर सोडू नये. परंतु स्वादुपिंडाचा, पित्तनलिकेचा किंवा पित्ताशयाचा कर्करोग हेही त्याचे मोठे कारण आहे. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः स्त्रियांमध्ये, अधिक आढळतो. ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्याने नलिका फुगली आहे की नाही हे बहुधा कळते. गाठ नेमकी कोठे व किती पसरली आहे हे पाहण्यास पुढे सी.टी. स्कॅन लागतो.

पूर्वी अशा रुग्णाचे पोट उघडून पित्ताला दुसरीकडून वाट काढून द्यावी लागे. आधीच खंगलेल्या वृद्धाला ती शस्त्रक्रिया फार जड जाई. १९७९ साली जर्मनीतील हँबुर्ग येथे, मूळचे इंडोनेशियाचे असलेले डॉ. निब सोहेंद्रा यांनी पोट न उघडता दुर्बिणीच्या साह्याने पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी बसवून दाखविली. हीच ती स्टेंट. रुग्णाला गुंगीचे औषध देऊन तोंडावाटे एक लवचीक दुर्बीण जठरातून खाली लहान आतड्यापर्यंत नेतात. तेथे पित्तनलिकेचे इवलेसे मुख दिसते. त्यातून बारीक तार वर सरकवितात, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर अडथळा पाहतात, आणि त्या तारेवरून नळी पुढे ढकलून गाठीच्या आरपार बसवितात. नळीचे एक टोक गाठीच्या वर, दुसरे आतड्यात. तुंबलेले पित्त त्याच क्षणी वाहू लागते. रुग्णालयात ह्या प्रक्रियेला ई.आर.सी.पी. म्हणतात. आपल्या देशात ती अनेक मोठ्या शहरांतून होते. हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांचे नाव तर ह्या शास्त्रात जगभर घेतले जाते, व २०२५ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

नळी दोन प्रकारची असते. प्लास्टिकची नळी सुमारे तीन मिलिमीटर रुंद, स्वस्त, पण साधारण तीन महिन्यांत गाळाने भरून बंद पडू लागते व बदलावी लागते. धातूच्या जाळीची नळी घडी केलेल्या स्थितीत आत जाते व तेथे उमलून दहा मिलिमीटरपर्यंत रुंदावते. ती पुष्कळ महाग, पण अधिक महिने टिकते. गावाहून शहरात वारंवार खेटे घालणे ज्यांना अशक्य, त्यांनी वरवरच्या किमतीकडेच पाहू नये. बसभाडे, बुडालेली मजुरी आणि रुग्णाचे हाल हेही हिशेबात धरावेत. आयुष्मान भारत किंवा राज्याच्या योजनेचे कार्ड असल्यास त्यात कोणती नळी बसते, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण राज्यागणिक नियम निराळे आहेत.

ह्या उपायाला धोकेही आहेत. शंभरांतील तीन ते दहा रुग्णांच्या स्वादुपिंडाला त्यानंतर सूज येते. क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडते. अडथळा यकृताच्या मुखाशी, उंचावर असेल तर काम कठीण होते, आणि कधी कधी बाहेरून बरगड्यांमधून सुई घालून पित्त काढावे लागते. शिवाय नळी सर्वांनाच हवी असे नाही. ज्यांची गाठ लवकर काढता येण्याजोगी आहे, त्यांना आधी नळी घालणे हितावह ठरतेच असे नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना आधी नळी घालून मग शस्त्रक्रिया केली त्यांच्यात शंभरांतील ७४ जणांना गंभीर उपद्रव झाले, आणि ज्यांची शस्त्रक्रिया सरळ केली त्यांच्यात ३९ जणांना. म्हणून गाठ काढता येईल काय, हा प्रश्न डॉक्टरांना अगोदर विचारावा व नळीचे मागाहून पाहावे. कावीळ फार चढली असेल, तापही असेल, किंवा शस्त्रक्रियेआधी कर्करोगावरील औषधे द्यावयाची असतील, तर गोष्ट निराळी.

आता सर्वांत अवघड बाब. नळीने कर्करोग बरा होत नाही. गाठ जागच्या जागी राहते. ज्यांची गाठ काढता येत नाही, त्यांचे उरलेले आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावे लागते. मग एवढा खटाटोप कशाला, असे मुलगे विचारतात, व ते निष्ठुर म्हणून नव्हे, तर दागिने गहाण टाकण्याची पाळी आलेली असते म्हणून. ह्याचे उत्तर पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात सापडते. जीव राखण्याचे सामान्य उपाय करणे हे आपले कर्तव्य. परंतु स्वतःवर किंवा इतरांवर अतिभार टाकणारे उपाय करण्याचे बंधन कोणावर नाही, आणि सामान्य काय हे व्यक्ती, स्थळ व काळ पाहून ठरते, असे त्यांनी सांगितले. १९८० साली धर्मपीठाने काढलेल्या घोषणापत्रातही उपायाचा त्रास, धोका व खर्च एकीकडे आणि अपेक्षित फळ दुसरीकडे तोलण्यास सांगितले आहे.

हे तोलून पाहता, आमच्या मते, नळी पुष्कळ रुग्णांना घेण्याजोगी आहे. तिचे फळ दिवसांच्या संख्येत शोधू नये. बहुधा काही दिवसांत खाज निवते, रात्री झोप लागते. पिवळेपणा ओसरण्यास काही आठवडे लागतात. पण जेवणाची इच्छा हळूहळू परत येते, आणि ज्यांना कर्करोगावरील औषधे द्यावयाची आहेत त्यांना ती देणे शक्य होते. मात्र रुग्ण अंथरुणाला खिळून अगदी अखेरच्या दिवसांत असेल, तर शहराची धावपळ न करता घरीच वेदना व खाज यांवर औषधे देणे हेही तितकेच ख्रिस्ती प्रेमाचे कृत्य होय, व त्याबद्दल कोणी मनात अपराध बाळगू नये.

हे ठरविताना रुग्णालाच अंधारात ठेवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. ‘बाबांना सांगू नका, ते खचतील’ असे म्हणून घरचे सर्व जण हसरे चेहरे करून वावरतात. बाबा मात्र सर्व ओळखून असतात व एकटेच ते ओझे वाहतात. त्यांना जमिनीची वाटणी करावयाची असते, धाकट्या भावाशी असलेला जुना तंटा मिटवावयाचा असतो, पापनिवेदन करावयाचे असते. नळीने मिळालेले बरे दिवस ह्यासाठीच तर आहेत. एकदम सर्व सांगू नये. ते विचारतील तेवढे, खरे तेच, हळुवारपणे सांगावे. धर्मगुरूंनाही शुद्ध हरपल्यावर बोलावू नये. आजाऱ्यांचा अभ्यंग हा केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. गंभीर आजार सुरू होताच तो घेता येतो, आणि आजार वाढल्यास पुन्हाही घेता येतो.

नळी घालून घरी आल्यावर जुन्या समजुतीप्रमाणे रुग्णाला नुसते उकडलेले व बिनतेलाचे खाणे घालू नये. पित्त आता वाहत आहे; त्याला मासे, अंडी, वरणभात, सोसेल तेवढे तेलतूप द्यावे. नळी कोणत्या जातीची व कोणत्या तारखेला घातली तो कागद जपून ठेवावा, आणि बदलण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावी. थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे दिसले किंवा मळ पुन्हा पांढरा झाला, तर नळी तुंबली आहे असे समजावे. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढून रक्तात पसरतात, व माणूस एकदोन दिवसांत दगावू शकतो. अशा वेळी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी गाडी काढून रुग्णालय गाठावे आणि तो कागद बरोबर न्यावा.