पडून असलेली जीप : आधी ब्रेक, मग इंजिन



ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड एखादी जुनी जीप आम्हाला हमखास दिसते. टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्या, मागच्या सीटवर खताची रिकामी पोती. मालकाला विचारलं तर म्हणतो, "भंगारवाला किलोवर मागतोय, देऊन टाकणार." पोराला विचारलं तर तो म्हणतो, "रंग मारायचा, रुंद टायर टाकायचे न् गणपतीत बाहेर काढायची." आम्हाला ही दोन्ही उत्तरे पसंत नाहीत. ती जीप मळ्याच्या कामाला लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फक्त पैसा कुठे आधी घालायचा, ते नीट ठरवून घाला.

आज मळ्यात काय चाललंय बघा. फवारणीचा पंप आणि पाण्याची दोन पिंपं न्यायची, काढा ट्रॅक्टर. विहिरीवरची मोटर वाइंडिंगला द्यायची, काढा ट्रॅक्टर. जनावरांना वाढं आणायचं, पुन्हा ट्रॅक्टरच. जे काम एक टनाच्या आसपास वजनाची गाडी करील, त्याला दुप्पट वजनाचं धूड आणि त्याचं डिझेल. जीप ही मुळात चिखलखड्ड्यांसाठीच घडली. १९४१ पासून ती महायुद्धात धावली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत तिची जुळवणी सुरू केली. तिचा दुसरा छोटा दांडा 'लो'मध्ये टाकला की जुन्या सीजे जातीच्या गाडीची ओढ सुमारे अडीचपट होते आणि चाल तेवढीच मंदावते. पाणंदीतल्या गाळातून युरियाची सात-आठ पोती काढायला एवढं पुष्कळ झालं. महिंद्रांच्या काही डिझेल जीपमध्ये त्यांच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलंच इंजिन असे, त्यामुळे गावचा ट्रॅक्टर फिटरसुद्धा ते ओळखतो.

आता मुद्द्याचं. गाडी बाहेर काढली की जो तो इंजिनाच्या मागे लागतो. बॅटरी जोडली, चार पोरांनी ढकलली, धूर निघाला, पेढे वाटले! आम्ही म्हणतो, चालू न होणारी जीप कुणाला मारत नाही. चालू झालेली आणि न थांबणारी मारते. या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच वाटेने जातं. एका चाकाचा वॉशर फाटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. चार-पाच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडर आतून गंजतात आणि रबरं कडक होतात. पेडल पहिल्या दिवशी घट्ट लागेलही, त्यावर जाऊ नका. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडा, वॉशर नवे घाला, लवचिक नळ्या बदला, नवं ऑइल भरून हवा काढा. हँडब्रेक बहुतेक जुन्या जीपला मागच्या शाफ्टवर असतो, चाकांवर नव्हे. तो ऑइलने माखलेला असला तर नुसता शोभेचा. कालव्याच्या उतारावर मागे दहा बायामाणसं बसलेली असताना हे कळून उपयोग नाही.

इंजिनाचं काम त्यामानाने सोपं. घाईनं स्टार्टर मारायचा नाही. पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, एक रात्र मुरू द्यावं आणि सकाळी हँडलने हळू फिरवून पाहावं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर आहे का, वायरिंग कुरतडलंय का, ते बघावं. इंजिनाबरोबर गेअर बॉक्स आणि पुढच्या-मागच्या दोन्ही क्राऊनचंही ऑइल बदलावं, हे फार जण विसरतात. रेडिएटरमध्ये विहिरीचं खारं पाणी घालू नका. डिझेल गाडी असेल तर टाकी धुवा, फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा.

पेट्रोलबाबत दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसापासून होतं. त्याच्या पैशावर आपलं बिल थोडंफार सावरतं. पण हेच इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवतं, टाकीतला जुना मळ सोडवून कार्बोरेटरमध्ये आणतं आणि ओल धरतं. जीप अडली की चावडीवर लगेच "इथेनॉलनं घालवली" अशी बोंब होते. अहो, चाळीस वर्षांची नळी आज ना उद्या फुटणारच होती! इथेनॉलला टिकणारी नळी आणि पडदा घाला, मध्ये एक चांगला फिल्टर बसवा. महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

कागदाचंही बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ते नसेल आणि विमाही नसेल तर गाडी बांधाच्या आतच राहील, डांबरी रस्त्यावर चढणार नाही. आपल्या पोराला हे बजावून सांगा. खोडव्याच्या ओल्या सरीतही ती घालू नका, जमीन दबते. पाणंद आणि बांधाकडेची वाट एवढंच तिचं क्षेत्र.

व्यवस्थापनाकडे आमचं एक मागणं आहे. गळीत हंगाम संपला की वाहन विभागातले दोन फिटर आठवडाभर सभासदांच्या जुन्या जीपचे ब्रेक तपासायला द्यावेत. सुटे भाग सभासदांनी स्वतः आणावेत, मजुरी कारखान्याने सोसावी. गाडी मात्र ट्रॉलीत घालून आणावी, दोर लावून ओढत आणू नये. तिचे ब्रेक लागतात की नाही, तेच तर बघायचं आहे.