ऐकलेली गोष्टही अमानतच



माझी भाची एम.ए.च्या प्रबंधासाठी दीड महिना झांजीबारला राहून आली. जाण्याआधी घरात बरीच चर्चा झाली. एकटी मुलगी, तीही आफ्रिकेत! शेवटी अम्मीने अट घातली, "हॉटेलात नाही, एखाद्या कुटुंबात राहायचं." भाचीने तशी सोय केली. झांजीबार हा टांझानियाचा स्वायत्त भाग असल्याने संशोधनासाठी तिथल्या सरकारची परवानगी काढली आणि ती निघाली.

तिचा विषय होता पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे गावातल्या बायकांची शेती. ही शेती जमिनीवर नाही, समुद्रात होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या बायका समुद्री शेवाळ लावतात. त्याला त्या 'म्वानी' म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीचं पाणी खूप मागे हटतं. तेव्हा वाळूत खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायच्या आणि दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे. साधारण सहा आठवड्यांनी काढून वाळवायचं आणि विकायचं. त्यातून निघणारा चिकट पदार्थ टूथपेस्ट, आइस्क्रीममध्ये वापरला जातो.

भाषेची भीती पहिल्याच दिवशी कमी झाली. स्वाहिलीत पुस्तकाला 'किताबू', बातमीला 'हबारी', जगाला 'दुनिया'. लहानांनी मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं, मोठ्यांनी 'मरहबा' म्हणून उत्तर द्यायचं. तरीही पहिला आठवडा वायाच गेला. ही वही घेऊन किनाऱ्यावर उभी आणि बायका 'हो', 'नाही' एवढंच बोलून कामाला लागायच्या. एक वयस्कर बाई म्हणाली, "मुली, पाणी कुणासाठी थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी भाचीने वही घरी ठेवली आणि पाण्यात उतरून दोऱ्या बांधू लागली. आमच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायका तिने लहानपणापासून पाहिल्या आहेत. वाकून वाकून कंबर कशी धरते, हे तिला आता कळलं. हात चालू लागले तशा गप्पाही सुरू झाल्या. समुद्र तापतोय, म्हणून जास्त भाव मिळणारी जात उथळ पाण्यात कुजते. खोल पाण्यात लावावी, तर होडी हवी आणि पोहता यायला हवं. ते कित्येकींना येत नाही.

असंच काम करता करता एका बाईने आपल्या घरातली एक गोष्ट तिला सांगितली. भाचीने ती रात्री वहीत उतरवली. निघायच्या आधी तिने गावातल्या एका शिक्षिकेच्या मदतीने प्रत्येकीला तिचं बोलणं वाचून दाखवलं. बाकीच्या हसल्या, कुणी चुका दुरुस्त केल्या. ही बाई मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "हे तुला सांगितलं होतं, कागदाला नाही."

मार्गदर्शक बाईंनी फोनवर सुचवलं, "नाव बदलून घाल. संमतीच्या कागदावर तिची सही आहेच." पण छोट्या गावात नाव बदललं तरी माणूस ओळखू येतं. भाचीने ते पान काढून टाकलं. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, "कुटुंबाबद्दलचं प्रकरण इतकं त्रोटक का?" ती म्हणाली, "माहिती आहे सर, पण ती माझी नाही."

ती गोष्ट काय होती, हे तिने मलाही सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "फुफी, तुम्हीच शिकवलंत ना, बैठकीत ऐकलेलं ही अमानत असते म्हणून?" मी ओशाळले. शेजारणीने चहा पिताना सांगितलेलं दुःख संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून चार घरी पोहोचवणाऱ्या आपण!

भगिनींनो, मुली शिकायला दूर जातील. त्यांचे कागद, राहण्याची जागा, सोबत नीट पाहा. पण त्यांच्या सामानात हे एक शिकवणही बांधून द्या. सही घेतली म्हणजे हक्क मिळाला असं नाही. सांगणाऱ्याचं मन बदललं, तर त्याचा शब्द त्याला परत करता आला पाहिजे.

अल्लाह आपल्या सर्व लेकींचा प्रवास आसान करो. आमीन.