भिशीच्या पैशातून लांबची लेन्स

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतील एक ताई मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा बारावी झालेला. वापरलेला कॅनन १५००डी घेऊन त्यावर आपला आपण शिकला. आता वस्तीतील नामकरण, मंगल परिणय, शाळेचे स्नेहसंमेलन अशी लहानसहान कामे त्याला मिळू लागली आहेत. अडचण एवढीच, की कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स मंचापर्यंत पोहोचत नाही. ताईंना दहा हजारांची भिशी लागली होती. त्यांनी विचारले, "भाऊ, दुकानदार म्हणतो ३०० ची घ्या. २५० पेक्षा मोठी आणि स्वस्तही. घेऊन टाकू का?"

आम्ही म्हटले, ताई, जरा थांबा.

आपल्याकडे मोठा आकडा म्हणजे भारी माल, असा एक समज आहे. लेन्सच्या बाबतीत तो खिशाला भोवतो. ५५ वरून २५० वर गेले की मंचावरचे मूल साडेचार पट मोठे दिसते. २५० वरून ३०० वर गेले तर फक्त एकपंचमांशाने. त्या एकपंचमांशासाठी काय सोडावे लागते, तेही पाहिले पाहिजे.

दुकानदार दाखवीत होता ती ईएफ ७५-३०० तीन नंबरची लेन्स १९९९ सालची आहे. तिच्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझर, नाही. ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम ही २०१३ सालची. तिच्यात तो आहे. 'आयएस' ही अक्षरे त्याचीच. वजनही कमी, पावणेचारशे ग्रॅम. लांबच्या लेन्सने हाताचा थोडासा हेलकावाही फोटोत उतरतो. जुना ठोकताळा असा, की या कॅमेऱ्यावर २५० ला शटर सेकंदाच्या १/४०० पेक्षा हळू ठेवू नये. संध्याकाळी मांडवातल्या दिव्यांत एवढे शटर मिळायचे कुठून? स्टॅबिलायझर असला तर साधारण १/४० पर्यंतही हात सावरला जातो.

पण मुलाला आम्ही एक गोष्ट बजावली. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, समोरच्याचा पाय नाही. भाषण करणारा वक्ता १/४० ला मिळेल. नाचणारी मुलगी किंवा चढाईला गेलेला कबड्डीपटू पुसटच येणार. तेथे उजेड हवा किंवा आयएसओ वाढवावा, आणि थोडे दाणे आले तर येऊ द्यावेत. दाणेदार फोटो आईबाप भिंतीवर लावतात, हललेला लावत नाहीत. एफ २.८ ची मोठी लेन्स ५.६ च्या चौपट उजेड घेते हे खरे, पण ती भिशीतली वस्तू नव्हे. रात्रीचे मोठे काम मिळाले तर एका दिवसापुरती भाड्याने आणावी आणि भाडे गिऱ्हाइकाच्या बिलात धरावे.

निकॉनवाल्यांसाठी दोन शब्द. डी३००० आणि डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी 'एएफ-डी' लेन्स बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. 'एएफ-पी' ७०-३०० डीएक्स दोन प्रकारांत निघाली. 'व्हीआर' लिहिलेलीच स्टॅबिलायझरवाली. आणि डी३१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर एएफ-पी फोकस करीतच नाही. म्हणून लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा गळ्यात घालूनच जावे.

शनिवारी आम्ही तिघे फोर्टमध्ये गेलो. वापरलेलीच घ्यायचे ठरले होते. पहिली लेन्स वरून नव्यासारखी चकचकीत होती. मुलाने मोबाईलची बॅटरी लावून मागून पाहिले, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे! ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते, आणि सफाईचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीला जाऊन भिडतो. दुकानदार म्हणाला, "फोटोत दिसत नाही हो." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

तिसऱ्या दुकानात मनासारखी मिळाली. मुलाने ती कॅमेऱ्यावर चढवली, २५० वर नेऊन रस्त्यापलीकडची पाटी धरली आणि बटण अर्धे दाबले. बारीक घरघर झाली, हलणारी पाटी स्थिर झाली. स्टॅबिलायझर चालू असल्याची ती खूण. मग ५५ ला आणि २५० ला चार-चार फोटो काढून पडद्यावर मोठे करून कोपरे तपासले. नऊ हजारांत सौदा झाला.

उरलेल्या हजारातून ताईंनी घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. डबा त्यांनी स्वयंपाकघरापासून लांब, पलंगाखाली ठेवला आहे. मुलाने पहिला फोटो रविवारी सकाळी गच्चीवरून काढला, खाली नळावर पाणी भरणाऱ्या आईचा. ताई म्हणतात, "केस विंचरले नव्हते, तो पुसून टाक." तो ऐकत नाही.