वायफायच्या यादीत अनोळखी नाव दिसतंय? आधी काय तपासायचं आणि मग काय करायचं?

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले आणि ५६ जणांचा जीव गेला. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने एक ईमेल माध्यमांकडे पोहोचला होता. पोलिसांनी त्या ईमेलचा आयपी ॲड्रेस शोधला, तर तो निघाला थेट नवी मुंबईतल्या सानपाड्याचा. तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट कनेक्शनचा.

महाराष्ट्र एटीएसने त्याची चौकशी केली. पुढे तपासात समोर आलं की, त्याच्या वायफायचा भलत्यानेच वापर केला होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरूनही असेच ईमेल गेले. शेवटी जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी बिनपासवर्डची वायफाय नेटवर्क शोधण्याची मोहीम हाती घेतली.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वायफायला तर पासवर्ड आहे. पण तो किती जणांना माहीत आहे, हा खरा प्रश्न आहे.

फुकटचं नेट वापरलं तर बिघडलं कुठे?

स्पीड कमी होतो, ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण. तुमच्या वायफायवरून कुणीही काहीही केलं, तरी बाहेरच्या जगाला एकच आयपी ॲड्रेस दिसतो. त्या वेळी तो ॲड्रेस कुणाकडे होता, अशी विचारणा पोलिसांनी केली की कंपनी नाव देते बिल भरणाऱ्याचं. म्हणजे तुमचं किंवा तुमच्या वडिलांचं. मोबाईलवर बसलेला माणूस कोण होता, हे आयपी ॲड्रेस सांगत नाही.

दुसरं, घुसखोर एकदा आत आला की घरातली इतर उपकरणं त्याच्या टप्प्यात येतात. बँकेचं ॲप किंवा व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे ते त्याला सहज वाचता येत नाहीत. पण जुना पासवर्ड तसाच ठेवलेला सीसीटीव्ही कॅमेरा किंवा शेअर केलेलं फोल्डर उघडणं त्यामानाने सोपं असतं.

घुसखोर आहे हे ओळखायचं कसं?

नेट स्लो झालं म्हणजे चोर आला, असं लगेच समजू नका. संध्याकाळी लाईनवरचा लोड वाढला किंवा राऊटर आणि बेडरूमच्या मध्ये दोन भिंती असल्या, तरी स्पीड पडतो.

खात्री करायची तर राऊटरच्या आत बघावं लागतं. राऊटरखालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन केलं की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते.

इथे अनेकांचा गोंधळ उडतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाची ओळख, लपवून भलताच नंबर दाखवू शकतात. त्यामुळे यादीतला ‘अनोळखी’ पाहुणा तुमचाच फोन असू शकतो. स्मार्ट टीव्ही, कॅमेरा, वायफायवर चालणारा बल्बही विचित्र नावांनी दिसतात. सोपा उपाय म्हणजे घरातल्या एकेका उपकरणाचं वायफाय बंद करत जा आणि यादीतून काय गायब होतं ते बघा. सगळं बंद केल्यावरही एखादं नाव उरलं, तर ते बाहेरचं असू शकतं.

मग त्याला बाहेर कसं काढायचं?

१. सगळ्यात आधी त्या यादीचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. राऊटर रिसेट केला की पुरावा जाऊ शकतो.

२. वायफायचा पासवर्ड बदला. मोबाईल नंबर, आडनाव, फ्लॅट नंबर नको. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड चांगला.

३. राऊटरच्या लॉगिनचा पासवर्डही बदला. हा वेगळा असतो. कनेक्शन जोडायला आलेला मुलगा जो ठेवून गेला, तोच अनेक घरांत वर्षानुवर्षं चालतो. तो माहीत असलेला माणूस आत आला, तर तुमचा नवा वायफाय पासवर्डही वाचू शकतो.

४. सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए३ निवडा, ते नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी असेल तर लगेच बदला, ते २००१ मध्येच फोडता येतं हे सिद्ध झालंय.

५. डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा आठ आकडी पिन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधी नव्हे, फार तर ११ हजार प्रयत्नांत सापडतो. ही त्रुटी २०११ मध्ये समोर आली.

६. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा.

फक्त तो एक मॅक ॲड्रेस ब्लॉक करून भागत नाही, कारण तो बदलता येतो. वायफायचं नाव लपवूनही फायदा नाही, ते तरीही शोधता येतं.

तक्रार करावी का?

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये घुसणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. धमकी, बनावट अकाउंट असं काही तुमच्या कनेक्शनवरून घडल्याची शंका असेल, तर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. उद्या चौकशी आलीच, तर तुम्ही आधीच कळवलं होतं हे त्यावरून दाखवता येईल.

मात्र शेजाऱ्याच्या दारात भांडायला जाण्याआधी एकदा आठवून बघा. गणपतीत आलेल्या पाहुण्यांना, क्लासच्या मुलांना, समोरच्या काकूंना ‘दोन मिनिटांसाठी’ पासवर्ड कुणी दिला होता? फोन एकदा जोडला की तो पासवर्ड विसरत नाही. दार आपणच उघडं ठेवलेलं असू शकतं. तेव्हा भांडण नको, आज रात्री दहा मिनिटं काढून पासवर्ड बदला.