खेळांतील वळण आणि घाटांतील वळण

पेणकरपाडा दहिसर नाक्यापलीकडे, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत वसलेला आहे. तेथून उत्तरेस काशीमिऱ्यापुढें ठाण्याचा घोडबंदर रस्ता फुटतो व वळणें घेत गायमुखच्या घाटांत शिरतो. या बाजूच्या सुशिक्षित घरांतून संगणकावरील मोटार-शर्यतींच्या खेळांत रमलेलीं मुलें आढळतात, आणि वडील मंडळी त्यांस कालापव्ययाबद्दल दटावितात. या खेळाचा थोडा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें; कारण अठरा वर्षें पुरीं होतांच हींच मुलें परवाना घेऊन याच वळणांवर गाडी हांकणार आहेत.

वळणांत गाडीस धरून ठेवणारें बळ एकच, तें टायर व रस्ता यांमधील घर्षण. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीप्रमाणें तें मर्यादित असतें, आणि ब्रेक, स्टिअरिंग व ॲक्सिलरेटर हे तिघेहि त्याच थैलींतून खर्च करितात. म्हणून चांगला खेळाडू सरळ रस्त्यावरच वेग उतरवितो, स्टिअरिंग वळवितांना ब्रेक हळूहळू सोडतो, आणि वळण उलगडूं लागल्यावरच ॲक्सिलरेटर दाबतो. वेग फाजील झाला कीं पुढील चाकें घसरून गाडी सरळ बाहेर जाते. तेव्हां स्टिअरिंग आणखी पिळणें व्यर्थ होय. उलट, मध्येंच घाबरून ॲक्सिलरेटरवरील पाय एकदम काढला, तर भार पुढें झुकतो, मागील चाकें हलकीं होतात व गाडीचा मागचा भाग फिरतो.

५० मीटर त्रिज्येचें सपाट वळण घेऊं. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.९ धरिल्यास ताशीं सुमारें ७५ किलोमीटर ही परमावधि ठरते. पावसानें तो ०.४ वर आला तर सुमारें ५०.

हें ज्ञान पोकळ नव्हे. १९९७ सालीं निघालेल्या 'ग्रॅन तुरिस्मो' या खेळांत तरबेज झालेला ब्रिटिश तरुण यान मार्डेनबरो २०११ सालीं निस्सानच्या स्पर्धेंतून निवडला गेला, आणि २०१३ सालीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत त्याच्या संघानें आपल्या वर्गांत तिसरा क्रमांक मिळविला.

परंतु शर्यतीच्या मार्गावर सर्व गाड्या एकाच दिशेनें धांवतात. तेथें बाहेरील कडेकडून आंतील कडेस व पुनः बाहेर, अशी सारी रुंदी वापरणें शहाणपणाचें असतें. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर तीच रेघ समोरच्या ट्रकपुढें नेऊन सोडते. शिवाय खेळांत कठड्यावर आदळलेली गाडी बोटाच्या एका दाबानें पुनः उभी राहते. माणसाचें तसें नाहीं.

कायदाहि आतां घरास जबाबदार धरतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

तेव्हां खेळ बंद करण्यापेक्षां वडिलांनीं एखादे दिवशीं मुलाशेजारीं बसावें व गाडी कां घसरली हें त्यालाच समजावून सांगावयास लावावें. मग एवढेंच विचारावें कीं, पावसांत ज्या वळणाची परमावधि ५० आहे, तेथें पलीकडचें कांहीं दिसत नसतां आपण किती वेगानें जावें? जो मुलगा विचार करून 'तीस' म्हणेल, त्याचा खेळ वायां गेला नाहीं असें खुशाल समजावें.